चांदीचे नॅनोकण: काजूची पाने, मिठागरातले जीव की सायट्रेट?

गोव्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना ‘हरित पद्धतीने नॅनोकण’ या विषयाकडे बऱ्याच जणांचा ओढा असतो. विषय खरेच चांगला आहे. पण पद्धत ठरवण्याआधी कण कशासाठी हवेत ते ठरवा. जंतू मारायला, रंगाचे सांडपाणी साफ करायला, की चाचणीच्या पट्टीवर रेघ उमटवायला? मार्गदर्शक हा प्रश्न विचारतीलच, आणि पद्धतीची निवडही त्यावरच अवलंबून आहे.

वनस्पती, सूक्ष्मजीव आणि सायट्रेट या तिन्ही पद्धतींत मूळ रसायन एकच. चांदीच्या किंवा सोन्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळतो, अणू एकत्र येतात आणि 1 ते 100 नॅनोमीटरचा कण तयार होतो. तो तेवढ्यावरच थांबावा, गोळा होऊन तळाला बसू नये, म्हणून त्याच्याभोवती काहीतरी आवरण लागते. इलेक्ट्रॉन कोण देतो आणि आवरण कशाचे बसते, एवढाच फरक.

सायट्रेटची पद्धत रसायनशास्त्रज्ञ तुर्केविच यांनी 1951 मध्ये मांडली. सोन्याच्या क्षाराचे उकळते द्रावण घेऊन त्यात सोडियम सायट्रेट घातले की थोड्याच वेळात ते लालबुंद होते. कण साधारण 15 ते 20 नॅनोमीटरचे आणि बरेच एकसारखे मिळतात. गर्भचाचणीच्या किंवा कोविडच्या घरगुती चाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते, आणि तिथे एकसारखेपणालाच किंमत आहे. तेव्हा अशी पट्टी किंवा सेन्सर करायचा असेल तर हीच पद्धत घ्या. ‘रासायनिक’ म्हणून तिच्याकडे नाक मुरडू नका, सायट्रेट विषारी नाही. जपून वापरायचे ते इलेक्ट्रॉन देणारे दुसरे रसायन, सोडियम बोरोहायड्राइड: ते विषारी आहे आणि पाण्याशी संपर्क आला की हायड्रोजन सोडते.

सूक्ष्मजीवांच्या वाटेला आपल्या भागात मोठी परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे कण पेशीबाहेरच तयार करवून घेतले आणि 2003 मध्ये ते काम प्रसिद्ध केले. कण पेशीबाहेर असल्याने पेशी फोडत बसावे लागत नाही. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमधून 2013 मध्ये हॅलोकॉकस सॅलिफोडिनी या मीठप्रेमी जीवाने केलेल्या चांदीच्या कणांचे काम आले. मिठागरे आपल्याकडे आहेतच, त्यामुळे हे वाचून मन तिकडे धावते. तरीही हे जीव सावकाश वाढतात, आणि त्यांना लागणारे मीठच चांदीचे वैरी: क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. फ्युझेरियम तर पिकांना मर रोग लावणारी बुरशी आहे, म्हणून वापरलेले सगळे ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) बाहेर जाता कामा नये. विभागात शेकर, लॅमिनार (जंतुविरहित हवेचे कपाट) आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा जाणता मार्गदर्शक असेल तरच हे घ्या.

राहिली वनस्पती. जंतुनाशक कामासाठी किंवा रंगाचे सांडपाणी साफ करणाऱ्या उत्प्रेरकासाठी मी हीच सुचवेन. त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेने 2004 मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने चांदी-सोन्याचे कण काही तासांत करून दाखवले. कृती सोपी आहे: काजूची धुतलेली 10 ग्रॅम पाने 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात काही मिनिटे उकळून गाळायची आणि एक भाग अर्क नऊ भाग 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळायचा. तपकिरी रंग चढला आणि 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचे शिखर दिसले की कण तयार झाले असावेत. ‘असावेत’ म्हणतो, कारण काजूच्या पानातले टॅनिन अल्कलीत आपोआपही काळवंडते. म्हणून चांदी न घातलेला अर्क शेजारी ठेवायचाच, आणि एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) यांच्याशिवाय दावा करायचा नाही.

काजू की भिरंड (कोकम)? भिरंडाच्या सालीत आम्ल आणि रंगद्रव्ये भरपूर असतात, पण दोन अडचणी आहेत. बाजारातल्या सोलांना (वाळवलेल्या सालींना) बहुधा मीठ लावलेले असते, म्हणजे पुन्हा तोच पांढरा साका. शिवाय सालीचा लाल रंग आम्लात साधारण 520 नॅनोमीटरपाशीच प्रकाश शोषतो, आणि सोन्याच्या कणांचे शिखरही तिथेच येते. मग दिसतेय ते सोने की भिरंड, हे वर्णपटावरून सांगताच येणार नाही. चांदीसाठी ताजी, बिनमिठाची साल चालेल. सोन्यासाठी भिरंड नकोच.

वनस्पतीचा खरा दोष म्हणजे सातत्य नाही. पावसातली पाने आणि मार्चमधली पाने यांचा अर्क सारखा नसतो. एकाच झाडाची पाने एकदम तोडून सावलीत वाळवा, पूड करून ठेवा आणि वर्षभर तीच वापरा. जंतूंवरच्या चाचणीत नुसता अर्क आणि नुसते सिल्व्हर नायट्रेट हे दोन्ही वेगळे तपासा, कारण दोघेही जंतू मारतात. उत्प्रेरक म्हणून 4-नायट्रोफिनॉलची चाचणी करणार असाल तर तिच्यात बोरोहायड्राइड लागतेच. तेव्हा अहवालात ‘हरित’ हा शब्द कणांच्या कृतीपुरताच लिहा.

उरलेले द्रावण मोरीत मुळीच ओतू नये. मांडवी-झुआरी नद्यांतल्या तिसऱ्या आणि शिनाणे हे शिंपले पाणी गाळूनच जगतात, आणि चांदी जलचरांना घातक आहे. ते बाटलीत साठवा, मीठ घालून चांदी खाली बसवा आणि तो साका विभागाच्या घातक कचऱ्यात द्या.

प्रकल्प जूनच्या सुमारास सुरू होतो, तोवर बोंडूंचा (काजूच्या फळांचा) हंगाम संपलेला असतो. बोंडूच्या रसावर काम करायचे मनात असेल तर एप्रिलमध्येच तो गाळून, छोट्या बाटल्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. नाहीतर सरळ पाने घ्या.