एचडी ६०० आणि एचडी ६५०: आठ महिन्यांनी मत बदललं

आठ महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, सेनहायझरचा ६५० हेडफोन घ्या, ६०० च्या वाटेला जाऊ नका. मावसभावाने तर माझ्या शब्दावर स्वतःचा ६०० विकला. गेल्या आठवड्यात माझ्या ६०० चे कानावर बसणारे पॅड बदलले आणि आता ते सगळं मागे घेतोय.

माझा ६०० नऊ वर्षं वापरलेला, ६५० नवा. मॉडेलं १९९७ आणि २००३ ची, दोन्हींचा विद्युतरोध ३०० ओहम, म्हणजे चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर) हवाच. मी ऐकतो ते शास्त्रीय गायन, आणि माझी परीक्षा एकच: तानपुऱ्याची जवारी. घोडीवर तारेखाली दोरा नेमका बसला की षड्जाच्या वर बारीक स्वरांची एक झळाळी उठते. किशोरीताई पहिला सा लावतात तेव्हा ती त्यांच्या आवाजाभोवती राहिली पाहिजे, खाली दबता कामा नये.

६५० वर ती ऐकू यायची. ६०० वर नुसती घुंगुर-घुंगुर. बाकीचे लोक उलटं सांगतात: ६५० चा खालचा आवाज भारदस्त, वरचा मऊ, त्याच्यावर पडदा आहे. मला वाटायचं, हे नीट ऐकतच नाहीत.

मग एके रात्री ६०० काढताना उजव्या पॅडमधला स्पंज भुगा होऊन हातात आला. ओरिजिनल पॅडची किंमत पाहून पैसे टाकवेनात, म्हणून ऑनलाइन साडेसहाशेचे रेक्झिनचे मागवले. तबल्याचा डग्गा नुसता घुमायला लागला, कान घामाने भिजले, आणि पाकीट फोडलं म्हणून विक्रेता परत घेईना. चार मेल केले, चारही वेळा तेच उत्तर. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी ओरिजिनल मखमली घेतले. जुना पॅड शेजारी ठेवला तर जाडी निम्मीसुद्धा नाही! पॅड दबत दबत ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, कानाला टेकायला आला होता, आणि मी दोष मॉडेलला देत होतो. नवे चढवून तेच रेकॉर्डिंग लावलं. जवारी मोकळी झाली. जोडीच्या दोन तारांतला किंचित फरकसुद्धा कळायला लागला. मी तो अर्धा तास नुसता तानपुराच ऐकत बसलो.

मग दोन्हीकडे आवाज सारखा करून पुन्हा ऐकलं, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला गोड लागतो. पडदा खरंच आहे, पातळ आहे, पण ६५० वरच आहे. मात्र भीमसेनजी मंद्रात उतरतात तेव्हा ६५० वर छातीत भरतं, तेवढं ६०० वर नाही. त्यासाठी तो ठेवतोय. एकच घ्यायचा असेल तर मी ६०० घेईन. जुना मिळाला तर पॅडचे पैसे किमतीत धरूनच भाव करा.

मावसभावाला परवा फोन करून सगळं सांगितलं. माझा ६०० महिनाभर त्याच्याकडे ठेवायला देतोय, नव्या पॅडसकट.