होकुसाईचा निहोनबाशी: छपाई अव्वल, चौकट घेऊ नका

टोकियोतल्या एका छपाईघराकडून जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘एदोतील निहोनबाशी’ची लाकडी ठशांवरून हाताने छापलेली प्रत घेतली. एदो म्हणजे जुनं टोकियो, निहोनबाशी तिथला पूल; चित्र फुजी डोंगरावरच्या मालिकेतलं. चौकटीशिवाय साधारण १६ हजार येन. यंत्रावरची छापील प्रत कितीतरी स्वस्त मिळते, पण तिला पाठ नसते. हा कागद उलटा धरला तर बारेन, म्हणजे बांबूच्या सालीत बांधलेली घासणी, जिथे फिरली तिथल्या गोलसर खुणा दिसतात, निळा रंग आरपार झिरपलेला दिसतो. बाह्यरेषाही काळ्या नाहीत, निळ्याच. त्या काळी युरोपातून आलेल्या प्रशियन निळ्याची ही जादू. या छपाईला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

चित्र पुलाचं, आणि पूल जवळजवळ दिसतच नाही! खालच्या कडेला खच्चून भरलेली डोकी, ओझी, कठड्याच्या खांबावरचा धातूचा कळस, बस्स. आपणच त्या गर्दीत उभे आहोत. समोर कालवा, दोन्ही काठांना गोदामं, आणि त्यांच्या छपरांच्या रेघा लहान होत होत थेट एदोच्या किल्ल्याकडे धावतात.

ही पाश्चात्त्य यथार्थदर्शनाची, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याची रीत जपानी ठशांत १७४०च्या सुमारास आली. ओकुमुरा मासानोबूने तिने नाट्यगृहांचे अंतर्भाग रंगवले. पुढे उतागावा तोयोहारूने युरोपीय चित्रावरून व्हेनिसचा कालवा उतरवला आणि शीर्षकात त्याला डच बंदर करून टाकलं. तिथेही मधे पाणी, दोन बाजूंना इमारती. होकुसाईने १८३०च्या सुमारास हीच मांडणी आपल्या शहरावर बसवली. पण फुजी? तो रेघांच्या टोकाशी नाही, बाजूला निवांत उभा आहे. मालिका फुजीची, तरी सगळ्या रेघा किल्ल्याला दिल्या आणि डोंगराला त्या हिशेबातून मोकळं ठेवलं. मी रोज त्याच्यासाठी थांबते.

तक्रार चौकटीची. सोबत घेतलेल्या तयार चौकटीतल्या पुठ्ठ्याने चित्राची खालची कड झाकली. दुसऱ्या चित्रात चाललं असतं; इथे पूलच तेवढ्या पट्टीत आहे. निम्मी डोकी आणि कळस गायब, उरला नुसता कालवा. कळवल्यावर ‘माप ठरलेलं असतं’ एवढंच उत्तर आलं. शेवटी मोठ्या खिडकीचा पुठ्ठा वेगळा कापून घेतला, चारी बाजूंना कोऱ्या कागदाची कड दिसेल असा. तुम्ही मागवणार असाल तर नुसता कागद मागवा.