उस्मानाबादी शेळी : मांसासाठी पहिला कळप उभा करणाऱ्यांकरिता

मराठवाडा, सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मांसासाठी शेळ्यांचा कळप नव्याने उभा करणाऱ्याने पहिली खरेदी उस्मानाबादी शेळीचीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कोणती जात घ्यावी हा प्रश्न त्या जातीतील कोणती शेळी घ्यावी या प्रश्नापेक्षा पुष्कळ सोपा आहे आणि नव्या शेळीपालकाचे पैसे बहुधा या दुसऱ्या ठिकाणीच बुडतात.

धाराशिव, तुळजापूर, लातूर, उदगीर हा या शेळीचा मूळ प्रदेश. बहुतेक शेळ्या काळ्या असतात, पण तांबड्या, पांढऱ्या आणि ठिपकेदारही आढळतात. म्हणून केवळ काळ्या रंगासाठी जास्त दाम मोजू नये. पूर्ण वाढलेली मादी साधारण 32 किलोंची भरते. शंभर किलोंच्या पुढे जाणाऱ्या बोअर (मांसासाठी पाळली जाणारी दक्षिण आफ्रिकी जात) बोकडाशी तुलना केली तर हे वजन थोडे वाटते, परंतु मांसाच्या व्यवसायात उत्पन्न एका जनावराच्या वजनावर नव्हे, तर वर्षाकाठी विक्रीयोग्य होणाऱ्या करडांवर ठरते. उस्मानाबादीला जुळी करडे वारंवार होतात, चारा-पाणी नीट असल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळतात आणि बाभळीच्या शेंगांपासून तुरीच्या भुसकटापर्यंत आपल्याकडचा चारा तिला मानवतो.

नवख्याने पाठी (अजून न व्यालेल्या तरुण माद्या) घेण्यापेक्षा पहिल्या किंवा दुसऱ्या वेताच्या, करडे सोबत असलेल्या शेळ्या घ्याव्यात. पाठ स्वस्त पडते, पण ती गाभण राहील का, करडांना पाजेल का, याची खात्री तिच्याकडे पाहून होत नाही. दोन तरतरीत करडे पाजणारी शेळी मात्र स्वतःचा पुरावा सोबत घेऊन येते. तोंड उघडून समोरचे खालचे दात पाहावेत : दोन किंवा चार कायमचे दात असलेली शेळी तरुण असते, तर झिजलेल्या किंवा पडलेल्या दातांची शेळी कितीही धष्टपुष्ट दिसली तरी सोडून द्यावी. कास हाताने चाचपावी, कारण कासदाहातून (कासेच्या सुजेच्या आजारातून) उठलेल्या शेळीच्या कासेत गाठ राहते, ती नजरेला दिसत नाही आणि एक सड निकामी असेल तर जुळ्यांपैकी एक करडू उपाशी राहते. खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहावा. तो पांढुरका असेल तर रक्त शोषणाऱ्या जंतांची शंका घ्यावी. शेळीला थोडे चालवावे, मागून पाहावे, शेपटीखाली हगवणीचे डाग आहेत का ते तपासावे.

बोकडाच्या बाबतीत काटकसर करू नये. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, त्यामुळे पुढच्या सगळ्या करडांमध्ये निम्मा वाटा त्याचाच असतो. तो जुळ्यांतला असावा, त्याचे दोन्ही वृषण सारख्या आकाराचे आणि पूर्ण उतरलेले असावेत, आणि शेळ्या ज्या कळपातून आणल्या त्याच कळपातून तो आणू नये. दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर स्वतःच्याच लेकींशी त्याचा संयोग होतो.

खरेदी कुठून करावी? आठवडी बाजारात निवड भरपूर असते, पण शेळीपालक अनेकदा कळपातून काढून टाकलेल्या शेळ्याच तिथे आणतो, आणि विक्रीआधी भरपूर पाणी पाजून पोट फुगवण्याचा प्रकारही चालतो. म्हणून नोंदी ठेवणाऱ्या शेळीपालकाच्या गोठ्यावर जाऊन, आई आणि बहिणी पाहून, काट्यावर जिवंत वजन करून घेणे मला अधिक योग्य वाटते, जरी तिथे भाव चढा असला तरी.

या जातीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दुधाचे उत्पन्न हवे असेल त्याने ही शेळी घेऊ नये, कारण करडांचे पोट भरल्यावर फारसे दूध उरत नाही. आणलेल्या शेळ्या तीन-चार आठवडे जुन्या जनावरांपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) व आंत्रविषार (आतड्यात विष तयार होऊन होणारा रोग) यांच्या लसी झाल्या आहेत का, हे पशुवैद्यकाकडून पडताळून मगच त्यांना कळपात सोडावे.