क्लायंट४७: वर्डप्रेसच्या नावाखाली वाचनालयाचे ५७,०७५ रुपये कसे गेले

आधी आकडे, कारण लाज आकड्यांचीच वाटते. वर्षभराचा सर्व्हर (साइट जिथे राहते तो संगणक) १४,४०० रुपये. वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) सेटअप ९,५००. एसएसएल सर्टिफिकेट (साइटशी होणारी देवघेव कुलूपबंद करणारं) ४,५००. ‘प्रीमियम’ थीम (साइटचं रूप) आणि चार प्लगिन (जोडसाधनं) ७,८००. डोमेन (साइटचं नाव) १,९९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६,८७५ रुपये ८२ पैसे. पूर्णांकात ४५,०७५, दोन हप्त्यांत यूपीआयने. पुढे आपलीच साइट आपल्याला परत मिळावी म्हणून १२,००० रोख, पावतीशिवाय. हे पैसे तालुक्याच्या गावातल्या एका ब वर्ग वाचनालयाचे. साइट कशासाठी, तर पुस्तकांची यादी आणि दिवाळी अंक योजनेची नोंदणी.

आणि हे लिहिणारा लिनक्स सर्व्हरवरच पोट भरतो. मग काम बाहेर दिलंच कशाला? कार्यकारिणीतल्या माणसाने स्वतः काम घेतलं की पुढच्या सभेत कोणीतरी बोट दाखवतंच. म्हणून रीतसर तीन दरपत्रकं मागवली आणि सर्वांत कमी दराचं घेतलं. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत हीच रीत आहे, ती काही मी पाडलेली नाही.

दरपत्रकात लिहिलं होतं: स्वतंत्र व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यापुरता राखलेला भाग), २ कोअर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. काम झाल्यावर रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागितला. उत्तर आलं, ‘सिक्युरिटी पॉलिसीमुळे क्लायंटला रूट देत नाही.’ पैसे आपण मोजायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. इथेच थांबायला हवं होतं. रूट मिळालं असतं तर तीन कमांडचं काम होतं: एनप्रॉक म्हणजे कोअर कळतात, फ्री -एम म्हणजे रॅम, डीएफ -एच म्हणजे डिस्क. अर्धा मिनिट लागतो. व्हीपीएस म्हणून पैसे घेतले आणि रूट नाही, तर ते व्हीपीएस नाही. व्यवस्थापन त्यांच्याकडे ठेवायचं असेल तर ठेवा, पण सर्व्हर तुमच्या नावाच्या खात्यात, तुमच्या कार्डावर, आणि त्यांना वेगळा युजर.

पण रूटचं सोडा. खरा क्षण जानेवारी २०२५ मधला. एका सकाळी पुस्तकांच्या यादीच्या डोक्यावर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) वॉर्निंग झळकत होती. तीन ओळी, आणि त्यात फाइलचा पूर्ण पत्ता: होम, त्याखाली एक अनोळखी युजरनेम, त्याखाली पब्लिक_एचटीएमएल, त्याखाली क्लायंट४७, आणि मग कुठे आमचं डब्ल्यूपी-कंटेंट. स्वतंत्र सर्व्हरवर बसवलेली साइट बहुतेक वेळा व्हार खालच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरात असते. पब्लिक_एचटीएमएल दिसलं की ते बहुधा शेअर्ड होस्टिंगचं, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवरचं, खातं समजायचं. आणि क्लायंट४७ चा अर्थ तर शेंबड्या पोरालाही कळावा. एकाच खात्यात आमच्यासारखे किमान ४६ जण, सगळ्यांच्या फाइली एकाच युजरच्या मालकीच्या. एकाला कीड लागली की सगळ्यांना लागणार, मध्ये भिंतच नाही.

मी ते वाचलं. वाचून साइट बनवणाऱ्याला फोन केला, ‘वॉर्निंग येतेय, काढा.’ त्याने दहा मिनिटांत डिस्प्ले एरर्स बंद केलं. वॉर्निंगचं कारण तसंच राहिलं, फक्त दिसेनासं झालं. आणि महिन्याच्या सभेत मीच सांगितलं, ‘माणूस तत्पर आहे.’ इतिवृत्तात ते वाक्य आहे अजून.

आम्हाला दिलेलं लॉगइन एडिटरचं होतं, ॲडमिनिस्ट्रेटरचं नव्हे. डावीकडच्या मेनूत ‘प्लगिन्स’ दिसत नसेल तर तुम्ही मालक नाही, भाडेकरू आहात. एडिटरला साइट हेल्थचं पानही उघडत नाही, नाहीतर तिथल्या माहितीत पीएचपी ७.४ दिसलं असतं. त्याचा सिक्युरिटी सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. आमची साइट उभी राहिली २०२४ च्या नोव्हेंबरात.

आता ९,५०० च्या सेटअपचं बोलू. स्वच्छ उबुंटू लिनक्सवर हे काम सवयीच्या माणसाला दोन तासांचं आहे. इंजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारं), मारियाडीबी (डेटाबेस) टाकायचं. डेटाबेस वेगळा, त्याचा युजर वेगळा, आणि त्या युजरला फक्त त्याच डेटाबेसवर अधिकार. वर्डप्रेस अधिकृत ठिकाणाहूनच उतरवायचं. परवानग्या म्हणाल तर फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४, डब्ल्यूपी-कॉन्फिगला ६४०. ‘अपलोड होत नाही’ म्हणून कोणी ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) देत असेल तर त्याला तिथेच उठवा. अपलोड न होण्याची कारणं सहसा दोनच: फोल्डरची मालकी चुकलेली, नाहीतर पीएचपीची २ एमबीची मूळ मर्यादा तशीच राहिलेली. अपलोड्स फोल्डरात पीएचपी चालणार नाही असा नियम इंजिनएक्समध्ये घालायचा. एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरायचा मार्ग) किल्लीने, पासवर्ड बंद, फायरवॉलमध्ये २२, ८०, ४४३ एवढेच दरवाजे उघडे. रॅम १ जीबीच असेल तर २ जीबी स्वॅप (रॅम म्हणून वापरायची डिस्क) द्या आणि पीएचपीची मुलं (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) मोजून ठेवा. एकेक प्रोसेस ४०-८० एमबी सहज खाते, रॅम संपली की कर्नल सगळ्यांत जाड्याला मारतो, तो जाड्या म्हणजे बहुधा डेटाबेस, आणि पडद्यावर येतं की डेटाबेसशी संपर्क होत नाही. मग हाच माणूस तुम्हाला ‘ट्रॅफिक वाढलं, प्लॅन वाढवा’ म्हणून आणखी पैसे मागतो.

एसएसएलचे ४,५०० हा तर निव्वळ दरोडा. आम्हाला लावलेलं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं निघालं. ते फुकट असतं, ९० दिवसांचं असतं, आणि सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून सर्टिफिकेट उघडलं की कोणी दिलंय ते लिहिलेलं दिसतं. नाही मारली टिचकी. बिल पासही केलं.

बिलावरून आठवलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो: राज्याचे दोन अंक, महाराष्ट्राचा २७, मग पॅनची दहा अक्षरं, मग तीन. आमच्या बिलावर १४ होती. लेखापरीक्षकांनी मोजली. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला पैसे पडत नाहीत. यूपीआय करताना पडद्यावर नाव आलं तेही फर्मचं नव्हतं, कुठल्या तरी बाईंचं होतं. ‘मिसेसचं अकाउंट आहे सर.’ बरं.

ऑक्टोबर २०२५. दिवाळी अंकांची नोंदणी सुरू झाली आणि सभासदांचे फोन सुरू झाले, की साइट उघडली की पत्त्यांच्या जुगारावर जाते. आम्ही उघडली तर व्यवस्थित. कारण साधं आहे. असला कोड लॉगइन केलेल्याला काही दाखवत नाही, थेट पत्ता टाकून येणाऱ्यालाही बहुतेक नाही. मोबाइलवरून, गूगलमधून येणाऱ्यालाच पळवतो. म्हणून ‘आमच्याकडे तर नीट दिसतंय’ हे कधीच म्हणू नका. मोबाइल डेटावर, खासगी विंडोत, गूगलवर नाव शोधून तिथून आत शिरा.

मूळ त्या ७,८०० च्या ‘प्रीमियम’ मालात होतं. नल्ड थीम, म्हणजे लायसनचं कुलूप तोडून वाटलेली. वर्डप्रेसच्या प्लगिनना जीपीएल लायसन असतं, त्यामुळे दुसऱ्याने वाटणं हा दरवेळी गुन्हाच असतो असं नाही, पण लायसन तोडून फुकट वाटणारा धर्मादाय करत नसतो. आमच्या थीमच्या फंक्शन्स.पीएचपी फाइलीत अगदी डोक्यावर, आपल्या कोडच्या आधी, एक वेगळाच पीएचपीचा तुकडा चिकटवलेला होता. बारा हजार मोजून मिळालेल्या झिपवर ‘डब्ल्यूपी कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ (मूळ वर्डप्रेसशी फाइली ताडून बघणारी कमांड) चालवलं. पहिल्याच झटक्यात उत्तर: डब्ल्यूपी-इन्क्लूड्समधली डब्ल्यूपी-व्हीसीडी.पीएचपी ही फाइल असायला नको. हा वर्षानुवर्षं फिरणारा जुना रोग आहे. तो खात्यातल्या सगळ्या थीममध्ये पसरतो, शेजारच्या साइटमध्येही. युजरची टेबलं थेट डेटाबेसमध्ये उघडली तर तीन ॲडमिनिस्ट्रेटर. स्क्रीनवरच्या यादीवर विश्वास ठेवू नका, लपवता येते. एमयू-प्लगिन्स फोल्डरही बघा. तिथलं नेहमीच्या यादीतून बंदच करता येत नाही. साफ करण्याच्या भानगडीत न पडता कोअर, थीम, प्लगिन सगळं नवं उतरवायचं, फक्त मजकूर आणि फोटो आणायचे, सॉल्ट (लॉगइनच्या गुप्त किल्ल्या) बदलायचे, सगळे पासवर्ड बदलायचे.

फोटो आणायचे म्हटलं, पण आमच्या झिपमध्ये अपलोड्स फोल्डर रिकामं होतं. दुर्मिळ पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे ६१२ फोटो. ‘त्याचे चार्जेस वेगळे.’

डोमेनचा घोळ अजून मिटलेला नाही. हू-इजमध्ये (डोमेन कोणाच्या नावावर आहे त्या नोंदवहीत) रजिस्ट्रंटच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात वाचनालय नाही, तोच आहे. ऑथ कोडचे (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणाऱ्या परवलीच्या शब्दाचे) ३२,००० मागतो. १,९९९ चं डोमेन. डोमेन विकणारा रजिस्ट्रार म्हणतो, ‘आमच्या लेखी मालक तेच.’ .इन नावांच्या वादासाठी आयएनडीआरपी म्हणून लवादाची सोय आहे, पण तिथे नावावरचा आपला हक्क शाबित करावा लागतो. म्हणून डोमेन कधीच कोणाला ‘घेऊन द्या’ म्हणायचं नाही. संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या खात्यात, आपण घ्यायचं. त्यांना फक्त डीएनएसच्या (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या) नोंदी सांगू द्या.

आता अधिकारी मंडळी. पहिल्या पोलिस ठाण्यात ऐकलं, ‘पैसे दिले, साइट मिळाली, मग फसवणूक कुठं? दिवाणी मॅटर आहे.’ दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. तिथे सांगितलं, हद्द पहिल्यांची. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक पैसे गेल्या-गेल्या लावायचा, तेव्हा खातं गोठवता येतं. अकरा महिन्यांनी लावून काय उपयोग, हे मलाही कळतं. पण लेखी तक्रार तरी घ्या! भारतीय न्याय संहितेचं ३१८ फसवणुकीचं कलम, माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६, सगळं टाइप करून नेलं होतं. साहेबांनी स्क्रीनशॉट सीडीवर मागितले. सीडी! गावात सीडी लिहून देणारा माणूस शोधण्यात दोन दिवस गेले. मग साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागितलं. त्यात फाइलचा हॅश (फाइलची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची ओळ) लिहावा लागतो. तो लिहून नेला तर विचारतात, ‘हे इंग्रजीत काय लांबलचक लिहिलंय?’ बारा हजार रोख दिल्याचा पुरावा? नाही. ‘मग ते धरू नका.’ चौथ्या खेपेला नुसती पोच मिळाली, क्रमांकाशिवाय. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. हे सगळे आपापल्या जागी बरोबर असतील, आणि तो माणूस आपल्या जागी बसून क्लायंट ६० ला दरपत्रक पाठवत असेल.

एक वाट पोलिस ठाण्याबाहेरून जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांकडे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून भरपाईचा दावा करता येतो, पाच कोटींपर्यंत. अर्ज तयार केलाय. पोलिसांनी नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवता येतं. तेही पाठवलंय, स्पीड पोस्टने, कर सोडून ४७ रुपये. आकडा बघून हसूच आलं.

परवा त्याच खात्याच्या मुख्य डोमेनपुढे क्लायंट४८ टाकून बघितलं. एका दातांच्या दवाखान्याची साइट उघडली. मोबाइलवर गूगलमधून तीच शोधली, तर तिसऱ्या सेकंदाला पत्त्यांचा जुगार. दवाखान्यात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘आमच्या कॉम्प्युटरवर तर नीट दिसतंय.’