केअर सेंटर की घरी ब्युरोची मावशी? ठाणे-नवी मुंबईत शोधत असाल तर हे वाचा

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की दहा-पंधरा खाटांचं छोटं हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं. मी लिहितेय ते वयस्कर पेशंटच्या केअर सेंटरबद्दल, जिथे अंथरुणाला खिळलेली माणसं महिनोन्महिने राहतात. घोडबंदर रोडला, नेरूळ-खारघरला, पनवेलच्या पुढे अशी बरीच आहेत. दुसरा पर्याय म्हणजे पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून चोवीस तासांची मावशी. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, आणि आम्ही दोन्ही करून बघितलं, आधी आठ महिने वर्तकनगरला घरी मावशी, मग सेंटर. पैशांचं लिहीत नाही, रेट सारखे बदलतात आणि खरं सांगायचं तर निर्णय पैशावर अडला तरी चूक पैशात भरून येत नाही.

ट्रेनिंगपासून सुरू करते कारण तिथेच सगळं आहे. ब्युरोवाले फोनवर म्हणतात ट्रेंड सिस्टर आहे. विचारायचं, कसली ट्रेंड? जीएनएम म्हणजे नर्सिंगचा ३ वर्षांचा कोर्स, एएनएम २ वर्षांचा, आणि दोघींचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, तो नंबर मागायचा, लाजायचं नाही. जीडीए, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, हा काही महिन्यांचा कोर्स, त्या अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं हे करतात, इन्सुलिनचा डोस ठरवणं किंवा नाकातून जेवणाची नळी घालणं हे त्यांचं काम नाही. बाकीच्या बऱ्याच मावशा कुणाच्या तरी सासूचं करता करता शिकलेल्या असतात. त्यांना मी कमी लेखत नाही, आमच्याकडे दिव्याहून एक मावशी यायच्या, कोर्स काही नाही, पण बाबांच्या माकडहाडाशी लाल डाग, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात, दिसला तो पहिल्यांदा त्यांनीच दाखवला, आम्हाला कुणालाच कळला नव्हता.

पण त्या गणपतीत गावाला गेल्या आणि बदली आली. रात्री आठला आली, ओळख ना पाळख, सकाळी बाबांना बेडवरून खुर्चीत घेताना तिने उजव्या काखेत हात घालून ओढलं आणि खांदा उतरला. लकवा मारलेल्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, त्या हाताला धरून ओढायचं नसतंच, कमरेला पट्टा बांधून उचलायचं, हे फिजिओथेरपिस्टने नंतर आम्हाला शिकवलं. त्या बाईवर राग धरून काय करू, तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि सांगायला मी जागेवर नव्हते, मी ऑफिसला निघाले होते. घरच्या पर्यायाची खरी अडचण ही आहे, मावशी चांगली असेल तर घरासारखं काहीच नाही, पण ती चुकली तर बघणारं कुणी नसतं.

सेंटरमध्ये बघणारं कुणी असतं का, तर असायला हवं, नेहमी असतंच असं नाही. पहिलं सेंटर आम्ही दुपारी बघितलं, स्वच्छ, दोन सिस्टर, देवघर, बाग, सगळं छान वाटलं, बाबांना तिथे ठेवलं. दहाव्या दिवशी भाऊ नेरूळहून उशिरा सुटला म्हणून रात्री साडेनऊला सहज गेला, तर १४ पेशंटना एक मुलगा आणि बाबांचा डावा हात बँडेजने कठड्याला बांधलेला, पडू नये म्हणून. म्हणजे चालणारा तेवढा एक हात, तोच बांधला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना तिथून हलवलं.

म्हणून सेंटर रात्रीच बघा, न सांगता. जेवण भरवताना उभं राहून बघा. नळीने फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि फीड झाल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायला हवं, नाहीतर ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. लगेच आडवं करताना दिसले तर पुढचं काही विचारायची गरजच नाही. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं कुणी म्हणालं तरी तेच, साधारण दर दोन तासांनी बदलावीच लागते, त्याचा चार्ट मागा आणि रात्री २ ते ४ चे रकाने बघा, महिनाभराचं सगळं एकाच पेनाने एका बैठकीत भरलेलं लगेच कळतं.

आगीबद्दल कुणी विचारत नाही, मी विचारते. एप्रिल २०२१ मध्ये मुंब्र्याच्या एका खासगी हॉस्पिटलला पहाटे आग लागली, पेशंट दुसरीकडे हलवताना ४ जण गेले. न चालणाऱ्या माणसाला धुरातून खाली आणायचं तर बेडशीटमध्ये धरून कसं न्यायचं हे नाईट ड्युटीवाल्याला आधीच शिकवलेलं पाहिजे. राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, ते दाखवा म्हणायचं. आणि लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यावरून खाली कसं आणणार ते त्यांनाच करून दाखवायला सांगा.

अंतराचंही बघा. शहराबाहेर हवा चांगली हे खरं, पण पॅरालिसिसचा अटॅक पुन्हा आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यात सीटी स्कॅनही आला, त्यामुळे घोडबंदरचा ट्रॅफिक धरूनच हिशोब करा.

माझं मत विचाराल तर आई-वडील हिंडते-फिरते असतील, डोकं शाबूत असेल, तर घरीच ठेवा, मावशीचं पोलीस व्हेरिफिकेशन करा, बाथरूममध्ये दांडे लावा आणि फिजिओला दोन दिवस जास्तीचे पैसे देऊन मावशीलाच शिकवायला सांगा. बदली आली तर तिच्यासाठी कपाटावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा, कुठला हात धरायचा नाही, कुठली गोळी किती वाजता. जेवणाची नळी, लघवीचं कॅथेटर, इन्सुलिन असं सगळं असेल आणि घरात दिवसा कुणी नसेल, तर रात्री रजिस्टर्ड सिस्टर जागी असणारं सेंटर. डिमेन्शियाचा पेशंट दार उघडून निघून जात असेल तरी सेंटरच, पण तिथे गुंगीची गोळी कुणाच्या चिठ्ठीवर देतात ते आधी विचारा.

बाबा आता दुसऱ्या सेंटरला आहेत, रात्री १२ जणांना तीन माणसं, त्यात एक एएनएम. आमचा तो कपाटावरचा कागद तिथल्या सिस्टरने मागून घेतला आणि बाबांच्या बेडच्या वर लावलाय.