व्हिजिटिंग कार्ड: कोणता कागद, कोणतं फिनिश आणि कुठे पैसे वाया जातात

कार्ड छापायला गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "ग्लॉस, मॅट की वेल्वेट?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. कार्ड कोणाच्या हातात जाणार, ते पाकिटात राहणार की गाडीच्या डॅशबोर्डवर, त्यावर पेनाने काही लिहायची वेळ येणार का, हे आधी ठरलं पाहिजे. त्या हिशेबाने बाजारात मिळणारे प्रकार तपासले, तर दिसायला सगळ्यात भारी कार्डं बरेचदा कामाला सगळ्यात कच्ची निघतात.

सुरुवात कागदापासून. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून जाडीचा अंदाज येतो, पण नक्की जाडी कळत नाही. आर्ट कार्डावर लेप असतो आणि ते दाबून गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड त्याच वजनाच्या अनकोटेड म्हणजे लेप नसलेल्या कागदापेक्षा बोटांना पातळ लागतं. म्हणून नुसतं "३५० जीएसएम द्या" म्हणू नये, त्याच कागदाचा कापलेला कोरा तुकडा हातात घेऊन वाकवून बघावा. २५० च्या खालचं कार्ड लुळं पडतं आणि पाकिटात कोपरे दुमडतात. ३०० ते ३५० बहुतेक धंद्यांना पुरेसं आहे. त्याहून बरंच जाड कार्ड देताना रुबाब वाटतो, पण घेणाऱ्याच्या पाकिटात ते मावत नाही आणि घरी गेल्यावर आधी तेच बाहेर निघतं.

साधं आर्ट कार्ड, वर लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म नाही, हा सगळ्यात स्वस्तातला प्रकार. गडद रंग भरून छापला तर कडा लवकर घासून पांढऱ्या पडतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोजका मजकूर असेल तर मात्र हे कार्ड उगाच बदनाम आहे. महिना-दोन महिन्यांच्या प्रदर्शनाला किंवा पार्सलमध्ये टाकायला याहून जास्त खर्च करायची गरज नाही.

मॅट लॅमिनेशन आज सर्रास चालतं आणि ते योग्यही आहे. उजेड परावर्तित होत नाही, त्यामुळे नंबर कुठल्याही कोनातून वाचता येतो. पण तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, फिल्म दोन्ही बाजूंना हवी. एकाच बाजूला लावली तर उघडी बाजू हवेतला ओलावा शोषून फुगते, फिल्मची बाजू तशीच राहते आणि पावसाळ्यात कार्डाची पन्हळ होते. दुसरी, फिल्म लागल्यावर रंग किंचित फिके दिसतात, म्हणून रंग पसंत करताना लॅमिनेशन केलेला नमुनाच बघावा. तिसरी, फिल्मची पकड. ऑफसेट म्हणजे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईची शाई पुरती वाळायच्या आत लॅमिनेशन केलं, किंवा डिजिटल छपाईत शाईऐवजी वापरल्या जाणाऱ्या टोनर भुकटीच्या गुळगुळीत थरावर ती नीट चिकटली नाही, तर गडद भागात चंदेरी ठिपके दिसतात आणि कोपऱ्यापासून पापुद्रा सुटायला लागतो. कोपरा नखाने दोन-चार वेळा खरवडून बघितला की कळतं.

वेल्वेट किंवा सॉफ्ट-टच फिनिश हाताला छान लागतं, यात वाद नाही. सलून, दागिने, इंटिरियर अशा कामांना ते शोभतं. पण काळ्या किंवा गर्द निळ्या रंगावर तेलकट बोटांचे ठसे उठून दिसतात, आणि ते पुसायला गेलं की आणखी पसरतात. गॅरेज, केटरिंग, हार्डवेअर यांच्यासाठी हे फिनिश म्हणजे पैसे पाण्यात.

स्पॉट यूव्हीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथेच हौस जास्त आणि माहिती कमी असते. मॅट फिल्मवर ठरावीक जागी चकचकीत थर द्यायचा, हे काम छपाईनंतर वेगळं होतं, त्यामुळे तो थर छापील आकारावर अगदी तंतोतंत बसेलच असं नाही. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी बारीक अक्षरांना सावली पडल्यासारखं दिसतं. म्हणून यूव्ही मोठ्या लोगोवर द्यावा. त्याहून बरं म्हणजे मागे काहीच छापलेलं नाही अशा सपाट रंगावर स्वतंत्र नक्षी म्हणून द्यावा, म्हणजे थोडं सरकलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. फाइल देताना यूव्हीचा भाग वेगळ्या पानावर, व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांच्या चित्रात) आणि शंभर टक्के काळ्या रंगात द्यायचा. डिझायनरने तिथे करडी छटा ठेवली तर प्रेसवाल्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही.

सोनेरी फॉइलचंही असंच. लोगोला किंवा नावाला द्या, फोन नंबरला कधीच नको. दिव्याखाली फॉइल कधी काळं दिसतं, कधी पांढरं, आणि अंक ओळखू येत नाहीत. गरम डायने म्हणजे धातूच्या ठशाने फॉइल चढवताना फार बारीक रेषा तुटतात आणि अक्षरांमधल्या छोट्या पोकळ्या भरून जातात. देवनागरीत हा धोका जास्त, कारण 'क्ष', 'ध', 'भ' यांच्या गाठींतली जागा मुळातच कमी असते. एम्बॉसिंग म्हणजे दाबून उठावदार अक्षरं करायची असतील तर मागची बाजूही खोल दबणार हे धरून त्या जागी मजकूर ठेवू नये.

अनकोटेड किंवा टेक्स्चर कागद आम्हाला सगळ्यात उजवा वाटतो, आणि दुकानात तो सहसा कोणी आपणहून दाखवत नाही. त्यावर रंग थोडे दबतात, फोटो तर छापूच नयेत. पण बॉलपेन, जेल पेन, शिक्का, पेन्सिल, सगळं चालतं. लॅमिनेशन केलेल्या कार्डावर जेल पेनची शाई फासते, बॉलपेन घसरतो. छोट्या धंद्यात कार्डावर लिहिण्याचे प्रसंग रोज येतात: पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख, घेतलेलं माप, सांगितलेला दर, रंगाचा शेड नंबर. अशी नोंद असलेलं कार्ड गिऱ्हाईक फेकत नाही, कारण आता ते त्याच्या कामाचा कागद झालेलं असतं. वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्याने मागच्या बाजूला 'फिल्टर बदलला' आणि 'पुढे कधी' असे दोन रकाने छापून घेतले, तर जाहिरातीचा निम्मा खर्च तिथेच वसूल होतो.

प्लास्टिकच्या कार्डांत पारदर्शक पीव्हीसी दिसायला आकर्षक, वाचायला त्रासदायक. टेबलाच्या रंगावर अक्षरं हरवतात. सतत पाणी, तेल, ग्रीसमध्ये हात असणाऱ्यांसाठी न फाटणारा सिंथेटिक कागद हा शहाणपणाचा पर्याय आहे. मात्र त्यावर लिहायचं असेल तर आधी पेन चालवून बघावा.

फोनजवळ नेली की त्यात माहिती उघडणारी, टॅप करायची एनएफसी कार्डं सध्या जोरात विकली जातात. आत १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी छोटी चिप असते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनटॅग २१३ चिपमध्ये वापरायला १४४ बाइट जागा मिळते, म्हणजे एका लिंकपुरती भरपूर, पत्त्यासकट सगळी माहिती ठेवायला अपुरी. धातूच्या कार्डात चिपमागे फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर नसेल तर फोन ती वाचतच नाही. खरी अडचण वेगळीच आहे: टॅप झाल्यावर कार्ड मालकाच्या खिशात परत जातं आणि गिऱ्हाइकाच्या हातात काहीच उरत नाही. वारंवार मीटिंगा असणाऱ्याने जोडीला एखादं ठेवावं. कागदी कार्डाला पर्याय म्हणून आमची शिफारस नाही.

त्यापेक्षा क्यूआर कोड उपयोगी, पण बहुतेक कार्डांवर तो चुकीचा छापलेला असतो. नाव, दोन नंबर, ईमेल, पत्ता असं सगळं कोडमध्येच कोंबलं की दोनशेच्या आसपास अक्षरं होतात. मध्यम दुरुस्ती पातळीला (थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा म्हणून असलेल्या सोयीला) त्यासाठी ५७ बाय ५७ चौकटींचा कोड लागतो. २० मिलिमीटरच्या जागेत एक चौकट जेमतेम ०.३५ मिलिमीटरची उरते. छपाईत शाई थोडी पसरली की जुन्या फोनचा कॅमेरा हात टेकतो. तेच २६ अक्षरांच्या आत बसणारी लिंक दिली तर २५ बाय २५ चौकटींत काम होतं, आणि प्रत्येक चौकट ०.८ मिलिमीटरची मिळते. कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकटींइतकी रिकामी जागा सोडायची. गडद कोड, फिकी पार्श्वभूमी हा क्रम उलटवायचा नाही. त्यावर फॉइल किंवा यूव्ही नको. मध्ये लोगो बसवायचाच असेल तर सर्वांत वरची, ३० टक्क्यांपर्यंत नुकसान सोसणारी दुरुस्ती पातळी निवडायची, पण त्याने चौकटी वाढतात हे विसरू नये. आणि फुकट 'डायनॅमिक' कोड देणाऱ्या सेवांपासून जपून. तो कोड त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतो. मुदत संपली किंवा वर्गणी थांबली की वाटलेली सगळी कार्डं मुकी होतात. स्वतःच्या डोमेनवरची लिंक असेल तर मागचं पान केव्हाही बदलता येतं.

आता छपाईची पद्धत. थोडी कार्डं हवी असतील तर डिजिटल, जास्त असतील तर ऑफसेट, इतका हिशेब सगळ्यांना माहीत असतो. ऑफसेटमध्ये स्वस्त दर मिळतो तो एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकत्र लावल्यामुळे. मशीनवर शाईचा प्रवाह पूर्ण शीटच्या हिशेबाने जुळवतात, म्हणून शेजारच्या कार्डावर गर्द लाल असेल तर आपला नारिंगी थोडा लालसर येऊ शकतो. पुढच्या वेळी तोच नारिंगी पिवळट येईल. ब्रँडचा रंग जपायचा असेल तर काम स्वतंत्र शीटवर करून घ्यावं आणि आधीच्या खेपेचं एक कार्ड नमुना म्हणून प्रेसला द्यावं. मोबाइलवर फाइल पाठवून "रंग असाच हवा" म्हणण्याला अर्थ नाही. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निळा छपाईच्या चार शाईंमध्ये (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) येतच नाही.

फाइल तयार करताना आकार आधी ठरवावा. ८५ बाय ५५ मिलिमीटर हा आकार बँकेच्या कार्डाच्या जवळचा, त्यामुळे पाकिटाच्या कप्प्यात नीट बसतो. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड म्हणजे कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग द्यायचा, आणि मजकूर कापाच्या रेषेपासून निदान ४ मिलिमीटर आत ठेवायचा. कडेला बारीक बॉर्डर हा हौशी डिझाइनचा आवडता दोष. गठ्ठा कापताना कागद अर्धा-एक मिलिमीटर सरकतोच, आणि २ मिलिमीटरवर दिलेली बॉर्डर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. फोटो ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपक्यांचा) हवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेला लोगो छापायला चालत नाही, मूळ व्हेक्टर फाइल मागून घ्यावी.

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा. चार रंग मिसळून केलेला काळा स्क्रीनवर तसाच दिसतो, पण मशीनवर प्लेटा केसभर सरकल्या की अक्षरांना रंगीत कडा येतात. इंग्रजी अक्षरं ७ पॉइंटला वाचता येतात, देवनागरीला ९ च्या खाली जाऊ नये. अनुस्वार, रफार, उकार यांना वरखाली जागा लागते, आणि गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर अनुस्वार शाईत बुजून जातो. मग 'शिंदे'चं 'शिदे' होतं. तिथे जाड वजनाचा फॉन्ट घ्यावा. प्रेसला फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदलून द्यावीत. न केल्यास प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो, जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. कर्व्ह केल्यावर मजकूर पुन्हा वाचायचा, कारण नंतर तो दुरुस्त करता येत नाही. न बदललेली मूळ फाइल आपल्याकडे वेगळी जपून ठेवायची.

तयार टेम्पलेट विकणाऱ्या सेवांचा मोठा दोष मजकुराच्या रचनेत आहे. लाटा, त्रिकोण, अर्धं कार्ड भरून लोगो, आणि नंबर कोपऱ्यात सहा पॉइंटमध्ये. नावाखाली 'एंटरप्रायझेस' लिहून काम कळत नाही. 'जुन्या सोफ्यांचं कापड बदलून मिळेल' ही एक ओळ लोगोपेक्षा जास्त गिऱ्हाइकं आणते. नंबर एकच द्यावा, जो खरोखर उचलला जातो तो, आणि अंक गटांत तोडून. सेवांची बारा कलमी यादी कोणी वाचत नाही. त्यातली जास्त चालणारी दोन-तीन पुरेत.

वाटपाचाही थोडा विचार हवा. रस्त्यात दिसेल त्याच्या हातात कार्ड कोंबण्यापेक्षा काम पूर्ण झाल्यावर, गिऱ्हाईक खूश असताना दोन कार्डं द्यावीत, एक ठेवायला आणि एक पुढे द्यायला. कोणत्या जागेवरून फोन येतात हे बघायचं असेल तर जागेप्रमाणे कोपऱ्यात वेगळं बारीक अक्षर छापावं किंवा क्यूआरची लिंक वेगळी ठेवावी. डिजिटलमध्ये असे प्रकार सहज निघतात. ऑफसेटमध्ये वेगळा भाग फक्त काळ्यात असेल तर एकच प्लेट बदलून भागतं, आणि कोड काळ्यात ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

माल ताब्यात घेताना वरची चार कार्डं बघून पैसे देऊ नयेत. गठ्ठ्याच्या वरून, मधून आणि तळातून काढून कापाची रेषा आणि रंग शेजारी ठेवून बघावेत. मधल्या कार्डाचा कोड दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करावा, छापील नंबर स्वतः दाबून फोन लावावा. मागच्या बाजूला पेन चालवून अंगठा फिरवावा. मंजूर केलेल्या नमुन्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या असतील तर रंगावरून होणारा वाद तिथल्या तिथे मिटतो. तोंडी कबुलीवर प्रेसवाला पुन्हा छापून देत नाही, आणि त्याचंही तसं चुकत नाही.