अंग बाहेर येण्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन: कोणतं, कोणासाठी?

'अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीमार्गातून बाहेर येतं, ही तक्रार कोकणात बहुतेक बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. लावणी उरकते, आंब्याचा हंगाम सरतो, पाण्याच्या कळश्या चालूच असतात. शेवटी दवाखान्यात जावं तर एक डॉक्टर पिशवी काढायला सांगतात, दुसरे म्हणतात दुर्बिणीतून वर बांधू. दुर्बीण म्हणजे पोटात शिरायची वाट: बेंबीजवळ साधारण १० मिलिमीटरचं एक भोक आणि ५ मिलिमीटरची दोन-तीन. आत गर्भाशय कशाला बांधणार आणि कशाने, हे विचारल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

गर्भाशय ठेवायचं असेल आणि मधला भाग, म्हणजे गर्भाशयच, चांगलंच खाली आलं असेल, तर आमची पहिली पसंती सॅक्रोहिस्टेरोपेक्सीला. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीचं एक टोक गर्भाशयमुखाला आणि दुसरं त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या माकडहाडावरच्या हाडाच्या, वरच्या कडेवरच्या घट्ट अस्थिबंधाला (हाडावरच्या चिवट पट्ट्याला) लावतात. ओढ वर आणि मागे, म्हणजे निसर्गतः असते तशीच राहते. काम मात्र नाजूक जागी आहे. डावीकडे मोठी शीर, मधोमध त्रिकास्थीवरच्या रक्तवाहिन्या, उजवीकडे मूत्रवाहिनी. टाका खोल जाऊन मणक्यांमधल्या चकतीत शिरला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही तिथे जंतुसंसर्ग होतो. कंबर असह्य दुखते, ताप येतो. जवळच्या नसा दुखावल्या तर बद्धकोष्ठता मागे लागते. जाळी ताणून बांधली तर दुखणं राहतं, म्हणून ती सैलसर हवी. तिच्यावर पोटाच्या आतलं अस्तर शिवून घेतलेलं असावं, नाहीतर आतडं तिथे अडकू शकतं.

गर्भाशय त्रिकास्थीला बांधायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे जगभर ओळखले जातात, पण गर्भाशय मागून टेपने बांधायची त्यांची शस्त्रक्रियाही आपल्याकडचे स्त्रीरोगतज्ज्ञ आजवर शिकतात. त्या पद्धतीत अजूनही मर्सिलीनची, म्हणजे पॉलिस्टरची, टेप वापरतात. ती स्वस्त पडते, पण अनेक तंतूंची विणलेली असल्याने जंतू आत शिरले की सहज निघत नाहीत. एकेरी धाग्याची, मोठ्या छिद्रांची जाळी त्या मानाने बरी.

पुरंदरे पद्धतीत गर्भाशय पुढे ओढून पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाला बांधतात. मणक्याजवळ जावं लागत नाही, वेळ कमी लागतो. पण गर्भाशय पुढे गेलं की मागची जागा मोकळी होते आणि तिथून आतडं किंवा गुदाशयाचा फुगवटा खाली उतरू शकतो. मागची भिंत आधीच सैल असलेल्या बाईला हे ऑपरेशन सुचवलं गेलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

पेक्टोपेक्सीत जाळी दोन्ही बाजूंना जांघेच्या वरच्या हाडावरच्या अस्थिबंधाला लावतात. वजन जास्त असेल किंवा त्रिकास्थीजवळ आतडी चिकटलेली असतील, तर हा पर्याय खरोखर उपयोगी आहे. आतड्याला धक्का लागत नाही, बद्धकोष्ठतेचा त्रासही कमी. तिथल्या रक्तवाहिन्या जपाव्या लागतात, आणि दीर्घकाळचा अनुभव त्रिकास्थीला बांधायच्या ऑपरेशनइतका अजून जमलेला नाही. लॅटरल सस्पेन्शनमध्ये टी आकाराच्या जाळीचे दोन हात कुशीकडे काढतात. मूत्राशयाची बाजू खाली आली असेल तर ते चांगलं, मागच्या बाजूला तोकडं. जाळी नकोच असेल तर गर्भाशयाचे स्वतःचे मागचे बंध टाक्यांनी आखूड करता येतात. पण ढिले झालेले बंध पुन्हा ढिले होतात, आणि टाका मूत्रवाहिनीला ओढून वाकवू शकतो.

हीच ऑपरेशनं काही ठिकाणी रोबोच्या मदतीने करतात, पण रोबो हे हत्यार आहे, वेगळी शस्त्रक्रिया नव्हे. केवळ त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

दुर्बिणीसाठी पूर्ण भूल, पोटात वायू आणि डोकं खाली अशी स्थिती बराच वेळ लागते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्या वयस्क बाईला कमरेत इंजेक्शन देऊन खालून केलेलं ऑपरेशन अधिक सुरक्षित ठरतं. ऑपरेशनच नको असेल तर रिंग पेसरी आहे, म्हणजे योनीत बसवून अंग वर धरणारी सिलिकॉनची कडी. दर तीन-चार महिन्यांनी काढून, धुऊन, तपासून घ्यावी लागते. अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची. पोटातून बसवलेल्या जाळीचा हिशेब वेगळा आहे, हे ऐकीव भीती घालणाऱ्यांना सांगावं.

अपयशाचं एक कारण वारंवार दिसतं: गर्भाशयमुखच लांबलेलं असतं. वरचा भाग नीट बांधला तरी मुख खाली लोंबतंच आणि बाईला वाटतं ऑपरेशन फसलं. आधी मापं घेतली तर हे कळतं. दुसरं कारण लघवीचं. अंग आत ढकलून खोकायला लावतात. तेव्हा लघवी गळली, तर ऑपरेशननंतरही गळण्याची शक्यता असते आणि तसं आधीच सांगायला हवं. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला असेल, तर आधी गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी. ती न करता गर्भाशय जागेवर ठेवणं चूक. मूल हवं असेल तर शक्यतो बाळंतपणं आटोपल्यावरच बांधून घ्यावं. जाळीनंतरच्या बाळंतपणात सहसा सिझेरियन सुचवतात.

महात्मा फुले योजनेत करायचं असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) दोन प्रश्न नेमके विचारा: दुर्बिणीचं ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का, आणि जाळीचे पैसे त्यातच येतात का? कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईला जाणार असाल तर सुटी मिळाल्यावर लगेच परतीचा प्रवास करू नका, एक-दोन दिवस जवळच राहा. पोट फुगून उलट्या होणं, कुशीत दुखणं, ताप, पोटरी सुजणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तीन महिने जड उचलायचं नाही. म्हणून भातकापणी आटोपल्यावर, नोव्हेंबरात ऑपरेशन केलेलं बरं. आंब्याचा हंगाम भरात येईपर्यंत टाके भरून येतात. तरीही भरलेला क्रेट एकटीने उचलायचा नाही, त्याला घरातल्या दुसऱ्याचा हात हवाच. खोकला आणि बद्धकोष्ठता यांवरही उपचार चालू ठेवावेत, कारण दोन्हींचा जोर थेट त्याच टाक्यांवर येतो.

सुटीच्या वेळी जाळीच्या पाकिटावरचं कंपनी आणि लॉट नंबरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. काही वर्षांनी घाण वासाचा स्राव किंवा रक्त दिसलं, तर नव्या डॉक्टरांना आत काय आहे हे त्यावरूनच कळेल.